एका किल्ल्यातील दोन स्वातंत्र्ये



नगरचा भुईकोट किल्ला पाहिला नाही असा कार्यकर्ता या जिल्ह्यात विरळाच. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. किल्ला मात्र आपल्या खंदकासह जागच्या जागी उभा आहे. त्याचे नाव निघाले की प्रत्येकाला ऑगस्ट १९४२ आठवतो. ‘छोडो भारत’चा ठराव मुंबईत संमत झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड सुरू झाली. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य या किल्ल्यात आणून बंदिस्त करण्यात आले. त्यांत मौलाना आझाद होते, जवाहरलाल नेहरू होते, वल्लभभाई पटेल होते. समाजवादी पक्षाच्या १९३४ च्या पाटणा येथील स्थापना-परिषदेचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव हेही होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला. नेते आपल्या गावच्या किल्ल्यात कोंडले गेले असताना नगरचे अच्युतराव पटवर्धन मात्र भूमिगत राहून लढा चालवीत होते. हा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

परंतु या कैद्यांच्या आधी सुमारे चाळीस वर्षे याच किल्ल्यात इंग्रजांचे दुसरे शत्रू कैदेत होते. त्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ते हिंदी नव्हते. ते सहा-सात हजार किलोमीटरवरून, समुद्रापलीकडून आणलेले गोरे शेतकरी होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात जे सैनिक इंग्रजांच्या हाती लागले, त्यांपैकी चोवीस-पंचवीस हजारांना देशाबाहेर धाडण्यात आले. सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान अशा चार ठिकाणी त्यांची वाटणी झाली. हिंदुस्थानातील छावण्यांपैकी एक अहमदनगरच्या किल्ल्यात होती. १९०१ आणि १९०२ या सालांत त्या तटाच्या आत बोअर कैदी दिवस काढीत होते. अशा कैद्यांनी लाकडावर कोरलेल्या वस्तू दक्षिण आफ्रिकेतील संग्रहालयांत आजही जपून ठेवलेल्या आहेत.

म्हणजे एकाच किल्ल्याने ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध उठलेली माणसे दोनदा पाहिली. दोघेही स्वातंत्र्यासाठी लढत होते. दोघांचाही तुरुंगाधिकारी एकच होता. तथापि या दोन स्वातंत्र्यांत एक मूलभूत भेद होता, आणि तो भेद समजून घेणे हे केवळ इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नाही. जो पक्ष स्वातंत्र्याला समतेपासून वेगळे मानीत नाही, त्याच्या कार्यकर्त्याला तो भेद उमगलाच पाहिजे.

बोअर कोण होते? ‘बोअर’ या शब्दाचा अर्थच शेतकरी असा आहे. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप येथे एक ठाणे वसविले. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे पाणी, भाजीपाला आणि मांस पुरवावे एवढाच त्या ठाण्याचा हेतू होता. पाच वर्षांनी, १६५७ मध्ये, कंपनीने आपल्या काही नोकरांना चाकरीतून मोकळे करून जमिनी दिल्या. ते कंपनीसाठी पिकवू लागले. येथून वसाहतीचा खरा आरंभ झाला. जमीन मूळची खोईखोई या गुराख्यांच्या चराईची होती. राबण्यासाठी गुलाम आणले गेले, तेही मादागास्करमधून, इंडोनेशियाच्या बेटांतून आणि आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून. ज्या वसाहतकाराला पुढे स्वातंत्र्याची ओढ लागली, त्याच्या शेताचा पाया असा दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याच्या श्रमावर घातलेला होता. ही गोष्ट पहिल्या पानावरच नोंदवून ठेवली पाहिजे. कारण पुढची प्रत्येक ओळ तिच्याशी जोडलेली आहे.

१७९५ मध्ये इंग्रजांनी केप घेतले, मध्यंतरी सोडले आणि १८०६ मध्ये कायमचे बळकावले. त्याच सुमारास, ऑगस्ट १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातील नगरचा किल्ला घेतला होता. हा केवळ योगायोग नव्हे. केपचे बंदर इंग्रजांना हवे होते ते हिंदुस्थानची वाट राखण्यासाठी. वाटेवरचे ठाणे आणि वाटेच्या शेवटचा किल्ला एकाच साम्राज्याच्या हिशेबात जमा झाले.

इंग्रज राजवट आली आणि बोअर वसाहतकार बिथरला. त्याची भाषा कचेरीतून गेली, न्यायालये बदलली, कर बदलले. या तक्रारी खऱ्या होत्या. परंतु सर्वांत मोठी तक्रार वेगळी होती. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द केली आणि १ डिसेंबर १८३४ पासून केपमधील गुलाम कायद्याने मुक्त झाले. मालकांना मिळालेली भरपाई अपुरी होती आणि ती लंडनला वटवावी लागत होती. त्याहीपेक्षा काळा माणूस कायद्यापुढे गोऱ्याच्या बरोबरीला उभा राहतो ही कल्पनाच बोअरला असह्य झाली. १८३५ पासून हजारो कुटुंबे बैलगाड्यांत संसार घालून उत्तरेकडे निघाली. आफ्रिकानर लोक या प्रवासाला ‘महाप्रस्थान’ म्हणतात आणि आपल्या राष्ट्राचा जन्म तेथे झाला असे मानतात. त्यात धैर्य होते, हालअपेष्टा होत्या, कुटुंबे वाटेत गारद झाली. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट लपत नाही. स्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या त्या गाड्यांत दुसऱ्याला स्वातंत्र्य न देण्याचा आग्रहही भरलेला होता.

गाड्या जेथे थांबल्या तेथे प्रजासत्ताके उभी राहिली. नाताळमधील प्रजासत्ताक इंग्रजांनी १८४३ मध्ये गिळले. पण १८५२ मध्ये ट्रान्सवालचे आणि १८५४ मध्ये ऑरेंज फ्री स्टेटचे स्वातंत्र्य इंग्रजांना करारांनी मान्य करावे लागले. कंपनीच्या ठाण्यापासून दोनशे वर्षांनी वसाहतकार आपल्या देशाचा धनी झाला होता. त्याने लोकनियुक्त सभा स्थापन केली, तिला तो ‘फोल्क्सराड’ म्हणजे लोकसभा म्हणे. अध्यक्ष निवडला जाई, सेनानीसुद्धा शिपायांच्या मताने निवडला जाई. गोऱ्या शेतकऱ्यांपुरती ही लोकशाही खरी होती. परंतु ट्रान्सवालच्या १८५८ च्या घटनेने धर्मसंस्थेत आणि राज्यात काळ्या-गोऱ्यांची समानता मान्य होणार नाही असे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले. लोकसभा होती, तिच्यातील ‘लोक’ कोण हे मात्र कातडीच्या रंगाने ठरत होते.

आता साम्राज्यशाहीचे वर्तन पाहावे. १८६७ नंतर किंबर्लीच्या परिसरात हिरे सापडले, आणि तो मुलूख थोड्याच वर्षांत ब्रिटिश झाला. १८७७ मध्ये ट्रान्सवालही खालसा झाले. बोअरांनी शस्त्र उचलले आणि २७ फेब्रुवारी १८८१ रोजी माजुबाच्या डोंगरावर इंग्रज फौजेचा पराभव केला. स्वातंत्र्य पुन्हा मिळाले. पण १८८६ मध्ये जोहान्सबर्गच्या भूमीत सोने निघाले, आणि त्या दिवसापासून शेतकऱ्यांच्या या प्रजासत्ताकाचे दिवस भरले. खाणमालकांना स्वस्त मजूर आणि आपल्या सोयीचे सरकार हवे होते. लंडनला सोन्यावर हुकमत हवी होती. ११ ऑक्टोबर १८९९ रोजी युद्ध पेटले. भांडवलशाही आणि साम्राज्यशाही यांचे नाते समजावून सांगण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागत नाही.

जून १९०० मध्ये प्रिटोरिया पडले. तरी बोअर शरण गेले नाहीत. घोड्यावरच्या लहान तुकड्या करून त्यांनी गनिमी काव्याने आणखी दोन वर्षे झुंज दिली. गनिमी कावा म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही; गावाचा आधार असल्याखेरीज तो चालत नाही. तो आधारच तोडण्यासाठी इंग्रज सेनापतींनी शेते जाळली, गुरे मारली, घरे उद्ध्वस्त केली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत सुमारे अठ्ठावीस हजार बोअर मेले, आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने तेथे जाऊन ही स्थिती पाहिली आणि १९०१ मध्ये आपल्याच सरकारपुढे तिचा अहवाल ठेवला. नगरच्या किल्ल्यात बसलेल्या कैद्याच्या मनाची कल्पना यावरून करावी. त्याचे शेत जळाले होते आणि त्याचे घरदार कोणत्या छावणीत होते, जिवंत होते की नाही, याची त्याला शाश्वती नव्हती. त्याचे दुःख खरे होते. त्याचा शत्रूही खरा होता, आणि तो आपलाही शत्रू होता.

तथापि त्याच युद्धात काळ्या माणसांसाठीही वेगळ्या छावण्या होत्या. त्यांत किमान चौदा हजार माणसे मेल्याची नोंद आहे, आणि प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असावा असे अभ्यासक मानतात. दोन्ही फौजांसाठी हजारो काळी माणसे राबली. युद्ध मात्र ‘गोऱ्यांचे युद्ध’ म्हणून ओळखले गेले. ज्यांच्या जमिनीवर ते लढले गेले, त्यांचे नाव लढाईच्या नावातही आले नाही.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. त्या तहातील आठव्या कलमाकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. मूळ रहिवाशांना मताधिकार द्यावा की नाही, हा प्रश्न बोअरांना स्वराज्य मिळाल्यानंतरच विचारात घेतला जाईल, असे त्यात ठरले. याचा अर्थ उघड होता. ज्यांचा नकार ठाऊक होता, त्यांच्याच हाती निकाल सोपविण्यात आला. रणांगणावर जे तीन वर्षे एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यांचे या एका कलमावर एकमत झाले. जित आणि जेते एकाच टेबलाशी बसले. देशातील बहुसंख्य माणसे दाराबाहेर राहिली.

किल्ल्यातील कैद्यांना घरी जाण्यापूर्वी इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. अनेकांनी ती घेतली. काहींनी साफ नाकारली आणि कैद पत्करली. त्यांची समजूत घालण्यासाठी जनरल द ला रे या त्यांच्याच नामांकित सेनानीला तहानंतर हिंदुस्थानात यावे लागले. परक्या देशात, परक्या उन्हात, शपथ न घेता महिनोन्‌महिने बसून राहणारी ही माणसे कोणत्याही स्वातंत्र्यप्रेमी मनाला आदर वाटावा अशीच होती. म्हणूनच त्यांच्या पुढाऱ्यांनी मिळविलेल्या स्वातंत्र्याचे पुढे काय झाले, हे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे.

ते काय झाले याचा पहिला अनुभव हिंदी माणसाला आला. युद्धाच्या वेळी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते. त्यांची सहानुभूती बोअरांकडे होती, तरी ब्रिटिश प्रजाजन म्हणून कर्तव्य मानून त्यांनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचे शुश्रूषा-पथक उभे केले. युद्धानंतर ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगण्याची सक्ती करणारा वटहुकूम आला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गला हिंदी लोकांनी तो न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म त्या शपथेतून झाला. लंडनने वटहुकूम रोखला. परंतु १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले, जनरल बोथा यांचे मंत्रिमंडळ आले, आणि नव्या विधिमंडळाने आरंभीच्या कामांतच तोच काळा कायदा संमत केला. जनरल स्मट्स यांनी तो अमलात आणला आणि जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना तुरुंगात पाठविले. काल ज्यांच्या शिपायांना इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात ठेवले होते, त्यांनी स्वराज्याची किल्ली हाती येताच दुसऱ्यासाठी तुरुंग उघडला. हुकूम सोडणारे हात बदलले होते. हुकूम तोच होता.

३१ मे १९१०, म्हणजे तहाच्या आठव्या वाढदिवशी, दक्षिण आफ्रिका संघराज्य अस्तित्वात आले आणि बोथा त्याचे पहिले पंतप्रधान झाले. १९१२ मध्ये काळ्या जनतेने ब्लूमफाँटेन येथे आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तीच पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली. १९१३ मध्ये संघराज्याने जमिनीचा कायदा केला. देशातील बहुसंख्य काळ्या लोकांसाठी सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली गेली, आणि तिच्याबाहेर जमीन विकत घेण्यास त्यांना बंदी झाली. त्याच वर्षी, त्याच ब्लूमफाँटेनला, छावण्यांत मेलेल्या बोअर स्त्रिया आणि मुले यांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. एमिली हॉबहाउस आजारपणामुळे पोहोचू शकल्या नाहीत. त्यांचे भाषण वाचून दाखविण्यासाठी पाठविलेले होते. छावण्यांत मेलेल्या काळ्या माणसांचीही आठवण ठेवा आणि स्वातंत्र्य हे सर्वांचे असू द्या, असे त्यांनी त्यात विनविले होते. ज्यांना ती विनवणी केली होती, त्यांनी ती ऐकली नाही. आपल्या मृतांसाठी दगडाचा स्तंभ आणि शेजाऱ्याच्या जमिनीसाठी जप्तीचा कायदा, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी होऊ शकल्या.

पुढची पावले तर्काला धरून पडली. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने दक्षिण आफ्रिका वैधानिक दृष्ट्या स्वतंत्र झाली. १९४८ मध्ये ‘अपार्टहाइट’चे, म्हणजे वर्णविभक्तीचे, राजकारण उघडपणे सत्तेवर आले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवान्यांविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसे ठार झाली. आणि ३१ मे १९६१ रोजी, त्याच तारखेला, प्रजासत्ताकाची घोषणा झाली. वसाहतकाराचा प्रवास पूर्ण झाला होता. ठाणे, शेत, राज्य, युद्ध, तह, संघराज्य, प्रजासत्ताक. ब्रिटिश राजवटीचा शेवटचा धागाही तुटला होता. त्या दिवशी त्या देशातील बहुसंख्य माणूस मात्र पूर्वीहून अधिक जखडलेला होता. त्याला आपल्याच देशात मत देण्यासाठी २७ एप्रिल १९९४ पर्यंत थांबावे लागले.

हा दोष केवळ बोअरांच्या स्वभावाचा होता असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. वसाहतकारांच्या स्वातंत्र्याचे जे सर्वांत गौरवलेले उदाहरण आहे, त्या अमेरिकेतही हाच भेद दिसतो. व्हर्जिनियात लोकनियुक्त सभा पहिल्याने भरली १६१९ साली. आफ्रिकेतून धरून आणलेली पहिली माणसे त्या वसाहतीत उतरविली गेली तीही १६१९ सालीच. १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकणाऱ्या आणि १७७६ मध्ये सर्व माणसे समान असल्याची घोषणा करणाऱ्या त्या देशाने गुलामगिरी रद्द केली १८६५ मध्ये, आणि तीही चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर.

महाराष्ट्रात हे मर्म सर्वांत आधी ज्याने ओळखले तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण या नगर शहरात, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या हाताखाली घेतले होते. असे असूनही १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण करताना जोतीरावांनी १७७६ चा गौरव केला नाही. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्या सदाचारी लोकांनी झीज सोसली, त्यांना तो ग्रंथ अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. राष्ट्र मुक्त झाल्याची तारीख आणि माणूस मुक्त झाल्याची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात, हे त्यांना पुरते उमगले होते.

आता पुन्हा किल्ल्याकडे वळले पाहिजे. १९४२ चे कैदी १९४५ मध्ये सुटले. १९४६ च्या सप्टेंबरात नेहरू हंगामी सरकारचे प्रमुख झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न मांडला. हिंदुस्थानच्या बाजूने विजयालक्ष्मी पंडित उभ्या होत्या. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान म्हणून होते तेच जनरल स्मट्स. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे असा त्यांचा बचाव होता. डिसेंबरात आमसभेने दोन तृतीयांश मतांनी हिंदुस्थानचा ठराव संमत केला. किल्ल्यातील दुसऱ्या कैद्यांनी पहिल्या कैद्यांच्या राज्याला जगाच्या चव्हाट्यावर जाब विचारला, असे या घटनेचे वर्णन केले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदुस्थानला हा अधिकार कशामुळे आला? तो केवळ इंग्रजांशी लढल्यामुळे आला नाही. इंग्रजांशी बोअरही लढले होते, आणि रणांगणावर ते अधिक कडवेपणाने लढले होते. तो अधिकार आला, कारण या देशातील चळवळीने स्वातंत्र्याची मागणी करताना ते सर्वांसाठी असेल अशी ग्वाही दिली होती. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने जात, धर्म, लिंग, संपत्ती असा कोणताही भेद न मानता प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि अस्पृश्यता गुन्हा ठरविली. आठवे कलम लिहिणाऱ्यांनी जो प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून टाळला, तो येथे पहिल्याच दिवशी कागदावर सोडविला गेला.

कागदावर सोडविला गेला, हे शब्द मात्र जपून उच्चारले पाहिजेत. आपल्याकडेही आठवी कलमे आहेत. ती तहात लिहिलेली नसतात. व्यवहारात पाळली जातात.

अकोले तालुक्याच्या डोंगरात पाहावे. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध बंड उभारले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी पत्करली. ज्या महादेव कोळी समाजातून ते आले, त्या समाजासह देशभरच्या आदिवासींचा वनावरचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडले. त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच हा ऐतिहासिक अन्याय होता अशी कबुली आहे. इंग्रज गेल्यानंतरची साठ वर्षे तो अन्याय कोणाच्या राज्यात चालू होता?

प्रवरेच्या काठी पाहावे. कालवे आले, ऊस आला, आणि हरेगावला खासगी कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने त्याच्याकडे गेल्या. सावकार आणि कंपनी यांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली लोणी येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभारला. शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचे ते खरेखुरे पाऊल होते आणि त्याचा अभिमान या जिल्ह्याने बाळगावाच. परंतु ज्यांच्या जमिनी खंडाने गेल्या होत्या त्या खंडकऱ्यांना काय मिळाले? कमाल जमीनधारणेच्या १९६१ च्या कायद्याने त्या जमिनी खासगी कारखान्यांकडून निघाल्या, त्या १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकाला आपली जमीन परत मागण्यासाठी स्वतंत्र देशात अर्धे शतक झगडावे लागले.

आणि कारखान्याच्या फडात पाहावे. ऊस लावणारा कारखान्याचा सभासद असतो; त्याला भाग आहे, मत आहे, सर्वसाधारण सभेत बोलण्याचा हक्क आहे. ऊस तोडणारा कोण असतो? पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून तो दिवाळीच्या सुमारास बायकामुलांसह निघतो. मुकादमाची उचल अंगावर असते. पालात राहून पहाटेपासून तो कोयता चालवितो. त्याच्या श्रमावाचून एक पोते साखर होत नाही. पण तो सभासद नाही. सहकारातील ‘सह’ या शब्दात त्याची गणना नाही. ट्रान्सवालच्या लोकसभेत ‘लोक’ कोण हा प्रश्न जसा होता, तसाच सहकारात ‘सह’ कोण हा प्रश्न आहे. तो विचारणे म्हणजे सहकाराशी वैर करणे नव्हे. ज्यांनी सहकार कष्टाने उभा केला, त्यांचे काम पुरे करण्याचा तोच एक मार्ग आहे.

गावकुसाबाहेर पाहावे. २०१३ मध्ये सोनई आणि २०१४ मध्ये खर्डा, या जिल्ह्यातील दोन गावांची नावे दलित तरुणांच्या हत्यांमुळे देशभर गेली. स्वातंत्र्याला पासष्ट वर्षे उलटल्यानंतर हे घडले. संविधानाने दिलेले हक्क या तरुणांपाशी होते. जिवाची हमी नव्हती.

बोअरांचा इतिहास सांगावयाचा तो परक्यांना नावे ठेवण्यासाठी नव्हे. तो आरसा म्हणून समोर धरावयाचा असतो. त्या शेतकऱ्यांवर अन्याय झाला होता, आणि अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होतो हा एक भाबडा समज आहे. त्यांच्या इतिहासाने तो समज पार खोडून काढला. ज्याची घरे जळाली त्यानेच पुढे दुसऱ्याची वस्ती उठविली. ज्याची मुले छावणीत मेली त्यानेच दुसऱ्याला परवान्याच्या कुंपणात कोंडले. सोसलेल्या दुःखातून समतेचे राजकारण आपसूक उगवत नाही. ते जाणीवपूर्वक करावे लागते, आणि स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, लढा चालू असतानाच करावे लागते. ‘आधी आमचे होऊ द्या, मग त्यांचे पाहू’ असे ज्या चळवळीने म्हटले, तिला ‘मग’ कधी सापडत नाही. बोअरांच्या देशात तो ‘मग’ यायला १९०२ पासून १९९४ पर्यंत बाण्णव वर्षे लागली, आणि आला तो त्यांच्या हातून नव्हे. ज्यांना वगळले होते त्यांच्याच लढ्यातून आला.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्याने कोणत्याही आंदोलनात, कोणत्याही संस्थेत, कोणत्याही समझोत्याच्या वेळी एक प्रश्न न चुकता विचारावा. या टेबलाशी कोण बसलेले नाही? ऊसदराचा समझोता होत असेल तर तोडणारा आहे काय? पाण्याचे वाटप ठरत असेल तर ज्याला जमीनच नाही तो आहे काय? ग्रामसभा भरली असेल तर वाडीवरची आणि वस्तीवरची बाई तेथे केवळ सहीपुरती आली आहे, की बोलायला आली आहे? उत्तर अडचणीचे असेल. बहुधा आपल्याच माणसांना ते अडचणीचे असेल. तरीही प्रश्न विचारला पाहिजे, कारण तो न विचारल्याची किंमत नेहमी गैरहजर माणूस मोजतो.

नगरच्या किल्ल्याचा तट दोन्ही कैद्यांना सारखाच उंच होता. पहिल्या कैद्याला त्यातून बाहेर पडल्यावर आपले राज्य हवे होते, आणि ते त्याला मिळाले. दुसऱ्या कैद्याने सर्वांचे राज्य आणण्याचे वचन दिले होते. ते वचन या जिल्ह्यात, पाथर्डीच्या पालापर्यंत आणि अकोल्याच्या पाड्यापर्यंत, अजून पोहोचवावयाचे आहे. किल्ल्यातील त्या कोठडीला भेट देणाऱ्या प्रत्येक साथीने दाराशी नमस्कार करून परतताना एवढे काम आपल्या शिरावर घेऊन यावे.